चौदावं टेबल

फिलोमिनाने माझ्या नवऱ्याच्या गळ्यातला काळा बो सरळ केला, तेव्हा मी रस्त्यापलीकडच्या जांभळीमागे उभी होते. तिच्या दारातल्या दिव्याचा उजेड दोघांवर पडला होता. बो सरळ करायला असा किती वेळ लागतो? तिला लागला. तिने तोंड त्यांच्या गळ्याशी अगदी भिडवलं, बोटांनी आधी एक टोक चाचपलं, मग दुसरं, आणि झाल्यावर कोटाच्या दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. आणि आमचे हे, मी दुखऱ्या पाठीला तेल लावायला गेले तर ‘ऱ्हाऊ दे’ म्हणून अंग काढून घेणारे, मान वर करून गुमान उभे होते.

मग ती आतून एक डबा घेऊन आली. हे काहीतरी म्हणाले, ती हसली, आणि दार लागलं. ह्यांनी बॅटरी पेटवली आणि झाडीतल्या पायवाटेला लागले. ती वाट एकाच ठिकाणी जाते, ग्लेनोरा हॉटेलकडे. अकरा वर्षं बंद पडलेल्या हॉटेलात रात्री नऊ वाजता पांढरा कोट आणि बो घालून जाणाऱ्या माणसाचं तिथे काय काम असेल, हे सांगायला मला ज्योतिषी नको होता. तो पुढे गेला, ती मागून येणार. एकत्र जाताना कुणी बघायला नको.

जानेवारी होता. महाबळेश्वरात त्या महिन्यात नळाचं पाणी हाताला चावतं. मी शाल डोक्यावरून घेतली होती, पण मला थंडी वाजत नव्हती. घरी कॉटखाली माझी पिशवी भरून तयार होती. चार साड्या, मुलीचा फोटो, शिवणाची कात्री. सकाळी सहाची एसटी मेढ्याला जाते, तिथे माझा भाऊ राहतो. आज डोळ्यांनी बघायचं आणि उद्या जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. तीस वर्षांचा संसार झाला होता, मुलगी लग्न होऊन वाईला गेली होती, आणि मला आता कुणासाठी थांबायचं नव्हतं.

माझं आणि फिलोमिनाचं वैर जुनं. वैर म्हणजे माझ्या बाजूने, तिला त्याचा पत्ताही नसावा. आमचे हे, आनंदा शेलार, ग्लेनोरामध्ये हेड बटलर होते आणि ती तिथली केक-पुडिंगं करणारी. गोव्याकडची, लग्न न केलेली, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घालून छत्री घेऊन बाजारात यायची. मी सातवी शिकले, पण ती मॅनेजरशी इंग्रजीत भांडायची. बाकी सगळ्यांची नावं हे नुसती घेत. तिचं नाव निघालं की ‘मिस फिलोमिना’. मला ह्यांनी आयुष्यात ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ ह्यापलीकडे हाक मारली नाही. हौसा हे माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

पण खरं सांगायचं तर मी एकट्या फिलोमिनावर जळत नव्हते, मी त्या अख्ख्या हॉटेलवर जळत होते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एकदा ह्यांचा विसरलेला पट्टा द्यायला मी मागच्या दाराशी गेले होते. आत कुणी बोलावलं नाही. जेवणघराचं मधलं दार उघडं होतं, तिथून मला दिसलं, एक बाई खुर्चीवर बसली आणि माझ्या नवऱ्याने पांढरा नॅपकिन झटकून तिच्या मांडीवर पसरला. किती हळुवार. नंतर पाण्याचा ग्लास, मग मान किंचित वाकवून काहीतरी विचारणं. आणि हाच माणूस घरी जेवून उठला की ताट तिथेच. पाणी हवं असेल तर तोंडानेसुद्धा मागायचं नाही, नुसतं तांब्याकडे बघायचं. त्या दिवसापासून तो नॅपकिन माझ्या डोक्यात बसला.

आणि त्यात ते पुडिंग. पावसाळ्याचे चार महिने हॉटेल बंद असायचं ते सोडलं, तर दर शनिवारी रात्री हे कोटाच्या खिशातून बटर पेपरची एक पुडी काढून फडताळात ठेवायचे. आत तांबूस, बुळबुळीत, तुकडे तुकडे झालेलं काहीतरी. ‘तुला हाय,’ एवढंच म्हणायचे आणि झोपायचे. साहेबलोकांनी अर्धंमुर्धं खाऊन टाकलेलं, ताटातलं उरलेलं, ते माझा नवरा मला आणतो. मी माळकरी घरातली मुलगी. आमच्याकडे घरातल्या माणसाचं उष्टंसुद्धा बघून खातात. पहिल्या दिवशी मला रडू आलं. दुसऱ्या शनिवारपासून मी सकाळी उठून ते शेजारच्या कलाच्या कोंबड्यांना घालायला लागले. ह्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली असतील, तेव्हा एकदा बाजारात फिलोमिनाने मला थांबवलं. तोवर तिने माझ्याशी कधी बोलणं केलं नव्हतं. छत्री बाजूला करून हसून म्हणाली, “बाय, पुडिंग बरोबर सेट होतं ना गो? घरी पोचेपर्यंत?”

म्हणजे हिला ठाऊक होतं. आनंदाची बायको साहेबांचं उरलेलं खाते, हे हिला ठाऊक होतं आणि वर ही मला भर बाजारात विचारते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, “आमच्या घरात तुमच्या हातचं कुणी खात नाही. मी ते कोंबड्यांना घालते.”

तिचं हसू गेलं. तिने छत्री परत डोक्यावर धरली आणि ती चालू लागली. मला फार बरं वाटलं. आठवडाभर मी ते वाक्य मनात घोळवत होते. तरी पुढच्या शनिवारी पुडी आलीच.

पुढे हॉटेलच्या मालकांत, मुंबईच्या भावाभावांत, कज्जा झाला आणि ग्लेनोराला कोर्टाचं कुलूप पडलं. हे बाजारातल्या एका चणे-जेलीच्या दुकानात गिऱ्हाइकं बघायला लागले. फिलोमिना गोव्याला गेली. शनिवारची पुडी बंद झाली. मी मनात म्हटलं, सुटले.

आणि अकरा वर्षांनी, ह्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी सकाळी फडताळ उघडते तर आत जर्मनची छोटी वाटी, वर बशी, आणि बशीखाली हिंदकळून मोडलेलं ते. तांबूस, बुळबुळीत. मी तशीच खाली बसले. दुपारी कलाकडून कळलं की ती गोव्याची बाई परत आलीय, चर्चमागे खोली घेऊन राहते. कलाच्या जिभेला हाड नव्हतं. म्हणाली, “हौसे, भावजींची शनवारची दुसरी दाढी कुणासाठी गं? चण्यांना काय दाढीचं कौतुक?” तेव्हा मी मोजायला लागले. दर शनिवारी दुकानातून आल्यावर दुसऱ्यांदा दाढी. माझी अंगाची नवी साबणवडी गायब. देवघरातल्या मेणबत्त्या गायब. जुना पांढरा कोट ट्रंकेतून निघाला, इस्त्री झाला. रात्री साडेआठला ‘जरा येतो’ आणि परत यायला मध्यरात्र. तेरा शनिवार हे चाललं. तेरा रविवार मी कोंबड्यांना पुडिंग घातलं आणि वाटी घासून ठेवली, ती हे परत घेऊन गेले.

चौदाव्या शनिवारी मी मागे निघाले.

फिलोमिनाचं दार लागल्यावर मी थोडा वेळ थांबले, ती निघेल म्हणून. ती निघाली नाही. तिच्या खोलीतला दिवाही विझला. मागच्या बाजूने गेली असणार, असा मी हिशेब केला आणि पायवाट धरली. बॅटरी होती पण लावली नाही, चांदणं पुरेसं होतं. हॉटेलच्या फाटकाशी चौकीदार शेकोटीपाशी घोंगडी पांघरून घोरत होता. मी कुंपणाच्या कडेने मागे गेले. पाणी तापवायच्या बंबखान्याशेजारचं दार, तेच ते, जिथे मला कधी कुणी आत बोलावलं नव्हतं, ते बोटभर उघडं होतं.

आत गेल्यावर बॅटरी लावावीच लागली. भटारखान्यात एवढ्या मोठ्या चुली होत्या की आमचं अख्खं स्वयंपाकघर त्यातल्या एकीत बसलं असतं. भिंतीवर लाकडी फळीवर ओळीने पितळी घंटा, प्रत्येकीखाली खोलीचा नंबर. ह्यांनी मला एकदा सांगितलं होतं, एक ते चोवीस, घंटा वाजली की मान न वळवता आवाजावरून मला नंबर कळतो. मी घरात दहा हाका मारल्या तरी ऐकू जात नसे.

ते खोलीतच असणार, अजून कुठे. मी बोळात शिरले. पायाखालचं जाजम कुजून मऊ पडलं होतं, वटवाघळांचा वास होता, आणि कुठल्यातरी फुटक्या काचेतून वारा येत होता. मी एकेक दार ढकलत गेले. एक नंबर, रिकामी. दोन नंबर, पलंगाच्या नुसत्या स्प्रिंगा. तीन नंबरच्या न्हाणीघरात माणूस आडवा झोपेल असा पांढरा टब, त्यात माकडांनी पाला आणून टाकलेला. मला भीती वाटली पाहिजे होती, पण दरवेळी दार ढकलताना मला वाटे, आता सापडले, आणि ते सापडले नाहीत की चक्क वाईट वाटे. इतकं माणसाचं डोकं फिरतं.

पाच नंबरचं दार ढकललं आणि ती समोर उभी. डोक्यावरून शाल, हातात बॅटरी, डोळे वटारलेले. मी तोंड उघडलं होतं, सगळ्या शिव्या जिभेवर होत्या. मग कळलं, कपाटाचा आरसा आहे. ती मीच होते. अशा अवतारात मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिले.

तेव्हा मेणाचा वास आला. बोळाच्या टोकाला मोठं दुहेरी दार होतं आणि त्याच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. मी बॅटरी विझवली.

ते जेवणघर होतं. उंच छत, लांबलचक खिडक्या. टेबलं मांडलेली, मी मोजली, चौदा. तेरा टेबलं उघडी होती, नुसतं लाकूड, आणि प्रत्येकावर घडी घातलेला पांढरा टेबलक्लॉथ, शेजारी रचलेल्या बशा, त्यावर काटे-चमचे एका ओळीत. चौदावं टेबल खिडकीजवळचं. ते चार माणसांसाठी मांडलेलं होतं. बशा धुऊन लख्ख, ग्लास लख्ख, मधे आमच्या देवघरातली मेणबत्ती. आणि माझा नवरा ताठ उभा राहून, डावा हात पाठीमागे घेऊन, एका रिकाम्या खुर्चीच्या डाव्या बाजूने बशीत काहीतरी वाढत होता. वाढून झाल्यावर त्यांनी मान किंचित वाकवली. मग पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे गेले.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला आधी वाटलं की ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि लगेच मागून राग आला. हवेला वाढतो हा माणूस, हवेपुढे मान वाकवतो. मी तरातरा चालत टेबलाशी गेले आणि उरलेल्या चौथ्या खुर्चीच्या पाठीला हात घातला.

“अहो,” मी म्हणाले, “कुणाला वाढताय?”

मला वाटलं होतं दचकतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शालीकडे, चिखलाने भरलेल्या चपलांकडे. हातातलं भांडं बाजूच्या मेजावर ठेवलं. मग माझ्या मागे आले आणि खुर्ची हळूच ओढली.

“बसा, मॅडम,” ते म्हणाले.

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्या घरातला आवाज चढा आणि खरखरीत होता, हा मऊ आणि खालच्या पट्टीतला. मी बसले. अर्धी रागाने बसले आणि अर्धी, खोटं कशाला सांगू, तो आवाज अजून एकदा ऐकायला मिळावा म्हणून. खुर्ची माझ्या गुडघ्यांमागे बरोबर आली. मग त्यांनी बशीवरचा नॅपकिन उचलला, झटकला आणि माझ्या मांडीवर पसरला. बोटसुद्धा लागलं नाही.

तीस वर्षं मी ज्या नॅपकिनवर जळले तो माझ्या मांडीवर होता आणि माझी चिखलाची साडी त्याखाली झाकली गेली होती.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“बटलर आपणहून बोलत नाही, मॅडम. विचारलं तर उत्तर देतो.”

“विचारतेच आहे की. दर शनिवारी इथे कशाला येता?”

त्यांनी सांगितलं. तसंच ताठ उभं राहून, माझ्याकडे न बघता, समोरच्या खिडकीकडे बघत. हॉटेल बंद झालं तो मे महिन्यातला शनिवार होता. चौदाही टेबलं मांडून तयार होती. जेवणाची घंटा व्हायला पंधरा मिनिटं असताना कोर्टाची माणसं आली, पाहुण्यांना सामान आवरायला लावलं, आणि जेवणघराला होतं तसं कुलूप लावलं. सूपसुद्धा बाहेर आलं नाही. अकरा वर्षं ती टेबलं तशीच मांडलेली होती. आता कज्जा मिटला होता, कोर्टाची कुलपं निघाली होती, नव्या मालकाने इमारत घेतली होती आणि शिमग्यानंतर ती पाडणार होते. त्याआधी भंगारवाला येऊन भांडी पोत्यात भरणार होता.

“आमच्या आईने शिकवलं होतं,” ते म्हणाले, “एकदा पान मांडलं की त्यावर काहीतरी वाढल्याशिवाय ते उचलायचं नाही. घासभर का होईना. मग म्हटलं, एका शनिवारी एक टेबल. वाढायचं, मग उचलायचं, धुवायचं. आज शेवटचं.”

माझी साबणवडी कुठे गेली ते मला तेव्हा कळलं. पण मन एवढ्यावर कुठलं थांबतं.

“आणि ती? फिलोमिना? ती येते इथे?”

“मिस फिलोमिनांना दिसत नाही, मॅडम. काचबिंदू. दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत. दाराबाहेर त्या एकट्या येत नाहीत. पुडिंग मात्र अजून करतात, हाताच्या अंदाजाने.”

मला ते गळ्याशी भिडलेलं तोंड आठवलं, चाचपणारी बोटं आठवली. दिसत नव्हतं म्हणून. मला लाज वाटली. तरीही थोडं जळलंच, कारण डोळे नसले तरी बोटं होतीच की तिची.

हे मेजाकडे वळले. डब्यातून ती जर्मनची छोटी वाटी काढली, सुरीचं टोक कडेने फिरवलं, आणि वाटी एका बशीवर पालथी घातली. दोनदा टिचकी मारली, वाटी उचलली. मग माझ्या डाव्या बाजूने येऊन बशी माझ्यापुढे ठेवली.

ते मी आयुष्यात पहिल्यांदा असं बघितलं. अख्खं. वरून तांबूस आणि खाली सायीच्या रंगाचं, कडेने साखरेचा पाक उतरत होता, आणि मेणबत्तीच्या उजेडात ते किंचित थरथरत होतं.

“कॅरेमल पुडिंग, मॅडम. ह्यात अंडं नाही.”

“त्या तिघांना वाढलं त्यात?”

“त्यात आहे. हे वेगळं. मोठ्या भांड्यात पाहुण्यांसाठी व्हायचं ते अंडी घालून. हे एका वाटीचं, चायना ग्रास घालून. शनिवारी सकाळी सगळ्यात आधी व्हायचं, बाकी कशाला हात लागण्यापूर्वी. मॅनेजरला दिसू नये म्हणून मिस फिलोमिना ते बर्फाच्या पेटीमागे ठेवायच्या.”

“कुणासाठी?” मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं, पण मला ते ऐकायचं होतं.

“हेड बटलरच्या बायकोसाठी,” ते म्हणाले. “तिच्या माहेरी माळ आहे. ती अंडं खात नाही.”

मी बशीकडे बघत राहिले. कलाच्या कोंबड्या डोळ्यांपुढे आल्या. एकोणीस वर्षांचे शनिवार आणि वरचे तेरा.

“ते उष्टं नव्हतं?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. “उष्टं?” मॅडम म्हणायचं राहून गेलं. “उष्टं कसं असंल? उष्टं घेऊन यीन मी तुला?”

“तुकडे असायचे. चुरा झालेला. मला वाटलं साहेबांच्या ताटातलं...”

“दोन मैल चालायचो की. खिशात. तुटायचं ते.”

बाहेर कुठेतरी भेकर ओरडलं आणि गप्प झालं. ह्यांनी कोट खाली ओढला आणि परत ताठ उभे राहिले. मला वाटलं, आता ते पुन्हा बटलर झालेत तोवर विचारून घ्यावं, घरी गेल्यावर हा माणूस मला परत भेटायचा नाही.

“हेड बटलरची बायको ते खात नव्हती,” मी म्हणाले. “कोंबड्यांना घालायची.”

“माहीत आहे, मॅडम.”

“कधीपासून?”

“मिस फिलोमिना बाजारातून रडत आल्या तेव्हापासून. आम्हाला वाटलं, अंड्याचा संशय असेल. किंवा ख्रिश्चनाच्या हातचं चालत नसेल. मी म्हटलं, राहू द्या आता. त्या म्हणाल्या, नाही, मी करणार.”

“आणि तुम्ही आणत राहिलात. आठ वर्षं. आणि आता परत तेरा शनिवार. बोलायचं तरी होतं. का आणत होतात?”

त्यांनी मेणबत्तीची काजळी चिमटीने काढली. बोटं कोटाला पुसली, जे त्यांनी त्या कोटाला कधी केलं नसेल. मग बोलले ते आमच्या घरातल्या आवाजात बोलले.

“वाटायचं, एखाद्या शनवारी खाशील.”

मी चमचा उचलला. पहिल्यांदा कडू लागलं, जळक्या साखरेचं, आणि मग थंडगार दुधाची गोडी आली. मी सगळं खाल्लं. पाक चमच्याने निपटून घेतला. रडत होते, पण खायची थांबले नाही. हे मागे उभे होते. संपल्यावर त्यांनी उजव्या बाजूने बशी उचलली.

मी उठून टेबल आवरायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, “मॅडम उठत नसतात.” मग मी तिथे बसून राहिले, मांडीवर नॅपकिन, आणि माझ्या नवऱ्याने बशा उचलल्या, बादलीतल्या पाण्यात माझ्या साबणवडीने धुतल्या, पुसल्या, रचल्या. माझा नॅपकिन सगळ्यात शेवटी मागितला. चौदाव्या टेबलाचा क्लॉथ झटकून घडी घातली. मग मेणबत्ती विझवली आणि आम्ही बंबखान्याच्या दाराने बाहेर पडलो. घरी आल्यावर त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे बघितलं आणि मी पाणी दिलं.

सकाळी सहाची एसटी मेढ्याला गेली. माझी पिशवी कॉटखाली होती तिथेच होती. मी ह्यांच्या डब्यातली ती जर्मनची वाटी घासली. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत आणि ही वाटी माझ्या घरातून तेरा वेळा रिकामी गेली होती. मी ती साखरेने काठोकाठ भरली आणि चर्चमागे गेले.

फिलोमिना दारात उन्हाला बसली होती. केस सगळे पांढरे, फ्रॉकवर स्वेटर. पावलं ऐकून तिने मान वर केली, पण नजर माझ्या शेजारच्या हवेत राहिली.

“कोण ते?”

“मी. शेलारांची हौसा.”

मी वाटी तिच्या हातात ठेवली. तिने वजन घेतलं, एक बोट आत घातलं, मग दुसऱ्या हाताने वाटीचा काठ चाचपत राहिली. मी माफी मागायला आले होते. रात्रभर शब्द जुळवले होते, आणि आता त्यातला एकही तोंडात येईना. शेवटी तीच बोलली.

“बाय,” ती म्हणाली, “पुडिंग बरोबर सेट झालं होतं?”

“झालं होतं,” मी म्हणाले. “अख्खं निघालं.”

तिने मान हलवली आणि हाताने चाचपून शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.